चौथी बाजू

भूगोलाच्या बाई विचारायच्या, द्वीपकल्प म्हणजे काय? सगळा वर्ग एका सुरात: तीन बाजूंना पाणी आणि एका बाजूला जमीन. एक मार्क पक्का. त्या एका बाजूच्या जमिनीबद्दल पुढची तीस वर्षं मला काही शंका आली नाही. तिकडून रस्ता येतो, एस.टी. येते, पोस्टमन येतो. त्यात विचारण्यासारखं काय आहे? शंका आली ती थेट बेलीझमध्ये, प्लासेन्सियाला जाताना.

बेलीझ हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश. वर मेक्सिको, पश्चिमेला आणि दक्षिणेला ग्वाटेमाला, पूर्वेला कॅरिबियन समुद्र. आधी ब्रिटिश होंडुरास, 21 सप्टेंबर 1981 पासून स्वतंत्र. लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्या शहरात सगळा देश मावेल. शेजारी सगळे स्पॅनिश बोलणारे आणि मध्येच हा एक इंग्रजी कारभाराचा देश. आम्ही ह्यूस्टनला राहतो, तिथून विमानाने अडीच तास. पुण्याहून नागपूरला रेल्वेने जायला याच्या पाचपट वेळ लागतो.

या देशाच्या दक्षिण भागात किनाऱ्याला समांतर एक वाळूची पट्टी उतरते. सोळा मैल लांब आणि कित्येक ठिकाणी इतकी अरुंद, की समुद्राकडे पाठ करून दहा मिनिटं चाललं की पाय लगूनमध्ये, म्हणजे आतल्या खाऱ्या तळ्यात. पूर्वेला कॅरिबियन, पश्चिमेला लगून, आणि अगदी दक्षिण टोकाला प्लासेन्सिया गाव. तिथे जायचे मार्ग मोजके. बस, किंवा डझनभर माणसांचं छोटं विमान. बेलीझ सिटीपासून सरळ रेषेत सत्तर मैलांच्या आतबाहेर. रस्त्याने दीडशेच्या घरात.

आमच्या घरात यावर आठवडाभर चर्चा झाली. मला विमान हवं होतं. नवरा अकोल्याचा. त्याचं म्हणणं, एकच इंजिन असलेल्या वस्तूत तो बसणार नाही.
"काहून बसायचं? रस्ता आहे ना!"
"दीडशे मैल आहे रे."
"असू दे. जमिनीवर बिघडली तर उतरता येतं."
या वाक्याला उत्तर नव्हतं. शेवटी तह झाला: जाताना बस, येताना विमान. येतानाचं तेव्हा बघू, असा चेहरा करून अकोलेकराने तहावर सही केली.

बेलीझ सिटीचा बसस्टँड पाहून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. तीच घाई, तेच फलाटाच्या कठड्याला रेललेले लोक, बस लागली की खिडकीतून आत फेकलेली पिशवी. बस मात्र अमेरिकन, शाळेची. अमेरिकेत मुलांना वाहून वाहून दमल्या की या पिवळ्या बसेस इकडे येतात, रंग बदलतात आणि दुसरा जन्म घेतात. आमच्या बसच्या आतल्या पत्र्यावर शाळकरी मुलांसाठीच्या सूचना अजून शाबूत होत्या: चालत्या बसमध्ये उभं राहू नये. त्या सूचनेखाली सात माणसं उभी होती. बाकं दहा वर्षांच्या मुलाच्या मापाची, त्यामुळे अकोलेकराचे गुडघे समोरच्या पाठीत रुतलेले. मागचं संकटकाळी उघडायचं दार इथे सामानासाठी रोज उघडतं. त्यातून तांदळाची पोती, एक टायर आणि आमची चाकांची बॅग आत गेली. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडत होता, "डँग्रिगा! पीजी, पीजी, पीजी!" पीजी म्हणजे पुंता गोर्दा, देशाच्या दक्षिणेचं शेवटचं मोठं गाव. तिकीट असं काही मिळत नाही. बस सुटल्यावर कंडक्टर येतो, कुठे म्हणून विचारतो, पैसे घेतो आणि कोण कुठे उतरणार ते डोक्यात ठेवतो. आमच्या दोघांचं भाडं मिळून विमानतळ ते स्टँड या टॅक्सीच्या भाड्यापेक्षा कमी झालं.

पहिला मोठा थांबा बेल्मोपान. ही देशाची राजधानी आहे यावर स्टँड बघून विश्वास बसत नाही. 1961 मध्ये हॅटी नावाच्या वादळाने बेलीझ सिटी धुऊन काढली, तेव्हा सरकारने ठरवलं की राजधानी समुद्राच्या तोंडी ठेवायची नाही. पन्नास मैल आत नवं शहर वसवलं आणि 1970 मध्ये कारभार तिकडे नेला. कारभार गेला, माणसं बरीचशी मागे समुद्राकाठीच राहिली. मला हे फार ओळखीचं वाटलं.

बस थांबली तसे विकणारे आत चढले. मीट पाय, केळ्याचे वेफर्स, पानात गुंडाळलेले तमाले, आणि संत्री. संत्र्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. विकणारी बाई त्याची वरची हिरवी-पिवळी साल सुरीने एका अखंड फितीत काढते, पांढरा गर तसाच ठेवते आणि डोक्याकडून एक चकती उडवते. मग ते संत्रं पिळत पिळत चोखायचं. फाक वेगळी काढायचीच नाही. अकोलेकराने पहिलं संत्रं सवयीने सोलायला घेतलं, त्याच्या शर्टावर रस उडाला, आणि शेजारच्या बाकावरच्या आजी मनापासून हसल्या.

त्या आजींचं आणि माझं मग जमलं. पीजीच्या जवळच्या गावातल्या. रंग माझ्यासारखा, नाक माझ्या आत्यासारखं, बोलणं मात्र अस्सल क्रिओल, म्हणजे इथली इंग्रजीवर बेतलेली बोली. "वे यू फ्रॉम?" असं त्यांनी विचारलं. इंडिया म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग मीही इंडियनच. ईस्ट इंडियन. मुंबईत वाढलेल्या कुणालाही या शब्दाने वसई आणि वांद्र्याचे ख्रिस्ती आठवतील. इथे त्याचा अर्थ निराळा. 19 व्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावर आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांची ही पुढची पिढी. भाषा गेली, गाव कुठलं ते गेलं. मी हळूच विचारलं, घरात काही जुने शब्द? त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाल्या, जेवायला ये, कोंबडीची टकारी करीन. कशात करता? यलो जिंजरमध्ये.

पिवळं आलं म्हणजे हळद. आणि टकारी म्हणजे तरकारी. दीडशे वर्षं, दोन समुद्र, आणि एवढा एकच शब्द खिशात राहिला. तोही स्वयंपाकघरातला. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण आजींकडे बघवेना.

खिडकीबाहेर तेव्हा हमिंगबर्ड हायवे चालू होता. रस्त्याला हमिंगबर्ड म्हणावं की नाही यावर वाद होईल, पण त्या देशातला हा सगळ्यात सुंदर रस्ता यावर होणार नाही. चुनखडीचे टेकाडांसारखे हिरवे डोंगर, दर वळणाला कोहूनची झाडं. हा आपल्या माडाचा आडदांड चुलतभाऊ, झावळ्या जमिनीपासूनच सुरू होतात. मग डोंगर संपतात आणि संत्र्याच्या बागा लागतात. इथे अकोलेकर जागा झाला. विदर्भाचा माणूस परक्या देशात बस थांबवून संत्र्याच्या बागेची लागवड किती फुटांवर आहे ते बघायला उतरला नाही, ही केवळ कंडक्टरची कृपा.

डँग्रिगाला बस बदलायची होती, तिथे आमची फजिती झाली. प्लासेन्सियाची बस अमुक वाजता, असं आम्हाला सकाळी एका खिडकीवर छातीठोकपणे सांगितलं होतं. ती बस अर्ध्या तासापूर्वीच गेली होती. पुढची कधी, यावर तीन माणसांनी तीन उत्तरं दिली. गावाच्या तोंडाशी तीन मोठ्या ढोलांचं स्मारक आहे, या किनाऱ्यावर राहणाऱ्या गरिफुना लोकांचं. त्या ढोलांकडे बघत मी मनातल्या मनात त्या खिडकीवाल्याचा उद्धार केला. तोवर आमच्याच पीजीच्या बसचा कंडक्टर आला आणि म्हणाला, उतरू नका, बसून राहा. इंडिपेंडन्सला उतरा, होडी घ्या.
"म्हणजे प्लासेन्सियाला न जाणाऱ्या बसने प्लासेन्सियाला जायचं?" अकोलेकर.
"तेच जवळ पडतं," कंडक्टर म्हणाला.

तासाभराने हायवेवर डावीकडे एक फाटा गेला. पाटीवर प्लासेन्सिया. आमची बस त्या फाट्याला न जुमानता सरळ निघून गेली. आम्ही दोघं मान वळवून त्या पाटीकडे बघत राहिलो, स्टेशन चुकल्यावर बघतात तसं. हीच ती चौथी बाजू. व्याख्येतली. एका बाजूला जमीन. आणि बसमधलं कुणीही तिकडे ढुंकून बघत नव्हतं.

इंडिपेंडन्स हे लगूनच्या अलीकडच्या काठावरचं गाव. त्याला लागूनच मँगो क्रीक, आणि पुढे बिग क्रीकचं बंदर, जिथून केळी बोटींत चढतात. आजींना नमस्कार केला (त्यांनी हात जोडले नाहीत, गालावर हात फिरवला), टॅक्सीने धक्क्यावर गेलो. होडीचं नाव होकी पोकी. वीस-पंचवीस माणसं बसतील अशी फायबरची बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, वर ताडपत्रीचं छत. आमच्याबरोबर गणवेशातली शाळेची मुलं होती, पलीकडून अलीकडे शाळेला येणारी. एका बाईच्या मांडीवर वाढदिवसाचा केक होता. सगळे केकशी बोलत होते, की हलू नकोस.

होडी सुटली आणि कांदळवनात शिरली. दोन्ही बाजूंनी कांदळांच्या मुळांच्या कमानी, मधून होडीपुरती वाट, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. वळणावर होडीवाला इंजिन मंद करायचा, समोरून कुणी येतंय का त्याचा कानोसा घ्यायचा, आणि पुन्हा वेग. वास तोच. चिखल, मीठ, कुजलेली पानं. माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. धोपाव्याहून दाभोळला खाडी ओलांडली की पाच-दहा मिनिटांत पलीकडे, आणि रस्त्याने जायचं तर चिपळूण-खेडवरून दिवस घालवायचा. आमच्याकडे कुणी खाडीला अडथळा म्हणत नसे. अडथळा म्हणजे चिपळूण.

वन संपलं, लगून उघडं झालं, आणि पंधरा मिनिटांत आम्ही प्लासेन्सियात उतरलो. केक शाबूत.

तर चौथ्या बाजूची गोष्ट अशी, की ती बाजू आहे, पण फार नंतर आलेली आहे. पट्टीवरचा रस्ता 2010 च्या सुमारास डांबरी झाला. त्याआधी लाल मातीचे आणि खड्ड्यांचे मैलच्या मैल. पावसात गाडी रुतायची, उन्हात माणूस धुळीने रंगायचा. गाव त्या रस्त्याच्या भरवशावर कधी नव्हतंच. कोळी माणसांचं गाव, त्यांची तोंडं पाण्याकडे. गावातला मुख्य रस्ता म्हणजे सुद्धा रस्ता नाही. चार फूट रुंदीची सिमेंटची पायवाट आहे, समुद्राच्या बाजूने वाळूतून गेलेली, पाऊण मैलाची. जगातला सगळ्यात अरुंद मुख्य रस्ता म्हणून तिचं नाव गिनेस बुकात गेलं होतं. ती बांधली ती ढकलगाड्यांसाठी, असं गावात सांगतात. होडीतून उतरलेला माल वाळूतून ढकलायचा तर चाक रुतणार, म्हणून चाकापुरती वाट. माणसांची, दुकानांची, घरांची तोंडं या पायवाटेकडे. डांबरी रस्ता घरांच्या मागून गेलाय, जिथे आपल्याकडे न्हाणीघर आणि शेणकई असायची.

त्या पायवाटेवर सकाळी सहाला फिरा. बायका लोखंडी दाताळ्याने दारातली वाळू विंचरत असतात. पानं, काटक्या, रात्रीचे खेकड्यांचे माग, सगळं पुसून वाळूवर सरळ रेघा. सडा-रांगोळीच की. मी पायवाट सोडून त्या रेघांवर पाय ठेवला नाही. अकोलेकराने ठेवला आणि बोलणी खाल्ली.

घरं बहुतेक खांबांवर. 8 ऑक्टोबर 2001 ला आयरिस वादळ सरळ इथेच आलं आणि गावातली बहुतेक घरं गेली. आम्ही ज्यांच्याकडे राहिलो त्या मालकीणबाईंनी हे एका वाक्यात सांगितलं आणि पुढच्या वाक्यात विचारलं, नाश्त्याला फ्रायजॅक्स चालतील ना? फ्रायजॅक म्हणजे फुगलेली मैद्याची पुरी. चालतील म्हणजे काय.

चार दिवस कसे गेले याचं वर्णन करत नाही. पोहलो, जळलो, नारळाच्या दुधातला राजमा-भात खाल्ला. एक दुपार मात्र सायकलने सेन बाइट गावात गेलो. पट्टीवरचंच गाव, गरिफुनांचं. आफ्रिकन आणि मूळच्या कॅरिब-आरावाक लोकांच्या मिसळणीतून झालेली ही माणसं सेंट व्हिन्सेंट बेटावर राहायची. इंग्रजांशी लढली, हरली, आणि 1797 मध्ये इंग्रजांनी त्यांना उचलून होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर नेऊन टाकलं. तिथून ती किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली. दरवर्षी 19 नोव्हेंबरला, 1832 मधल्या आगमनाची आठवण म्हणून, बेलीझभरचे गरिफुना पहाटे होडीत बसून समुद्रात जातात आणि ढोल वाजवत पुन्हा आपल्याच गावात उतरतात. राहत्या गावात वर्षातून एकदा पाण्याच्या बाजूने येऊन दाखवायचं. ज्या घरात आम्ही हुदुत खाल्लं (नारळाच्या रसात मासा, सोबत कांडलेल्या केळ्याचा गोळा), तिथल्या काकूंनी हे सांगितलं. आणि मी कुठून आले विचारल्यावर बस नाही, देश नाही, आधी हेच विचारलं: होडीने की रस्त्याने? होडीने म्हटल्यावर त्यांनी माशाचा तुकडा मोठा वाढला. मला तरी असंच वाटलं.

शेवटच्या रात्री अकोलेकराने फोनवर अभ्यास केला. अभ्यास करायला नको होता. 2017 मध्ये याच धावपट्टीवरून उडताना एका छोट्या विमानाचं चाक रस्त्यावरच्या गाडीला लागलं आणि विमान समुद्रात उतरलं होतं. सगळे वाचले, हे वाक्य मी दोनदा वाचून दाखवलं.
"पण रस्त्यावरच्या गाडीला कसं काय लागतं?" त्याने विचारलं.

ते सकाळी कळलं. पट्टी इतकी अरुंद, की धावपट्टी तिच्यावर आडवीच टाकलेली आहे. एक टोक लगूनकडे, दुसरं समुद्राकडे. जमीन संपते तिथे धावपट्टीही संपते, आणि त्या दोहोंच्या मधून जायला डांबरी रस्त्याला दुसरी जागा नाही. म्हणून रस्ता धावपट्टीच्या समुद्राकडच्या टोकाला वळसा घालून जातो. विमान आलं-गेलं की गाड्यांनी थांबायचं. पंढरीच्या वाटेवर पालखी जाईपर्यंत एस.टी. थांबते तसं.

विमानतळ म्हणजे एक बुटकी खोली आणि सावलीला बाकं. काउंटरवरच्या मुलीने बॅगांचं वजन केलं, आमच्या दोघांकडे नजरेनेच वजन केल्यासारखं बघितलं, आणि बोर्डिंग पास म्हणून प्लॅस्टिकचं एक कार्ड दिलं, बँकेतल्या टोकनसारखं, परत घ्यायचं. पंख डोक्यावर असलेलं सेस्ना कॅरॅव्हॅन आलं. पायलट खाली उतरला, गॉगल, अर्ध्या बाह्या, वय आमच्या भाच्याएवढं. त्याने माणसं मोजली, वजनाचा हिशेब केला, आणि अकोलेकराकडे बोट दाखवून म्हणाला, "तुम्ही पुढे, माझ्या शेजारी."
को-पायलटच्या खुर्चीत.
मी त्याच्याकडे बघितलं नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली की कधी बघायचं नाही ते कळतं.

मी पायलटच्या मागची खिडकी धरली. पंखा फिरला, बाकं थरथरली, आणि समोरच्या काचेत धावपट्टीच्या टोकाला आडवा रस्ता दिसला. त्यावर एक सायकलवाला पाय टेकून उभा. पायरीवर दुधाची किटली ठेवून गप्पा मारणाऱ्या माणसासारखा निवांत. तो पोटाखालून गेला, मग वाळू, मग एकदम सगळं निळं. विमान डावीकडे कललं आणि उत्तरेला वळलं.

खाली सोळा मैल उलगडले. उजवीकडे दूर प्रवाळाच्या रांगेवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. डावीकडे तपकिरी लगून, आणि त्याला समुद्रापासून वेगळं ठेवणारा हिरवा दोरा. सेन बाइटची पत्र्याची छपरं आली आणि गेली. काकूंचं घर शोधेपर्यंत माया बीच आलं. त्या दुपारी सायकलने घाम काढलेलं अंतर पाच मिनिटांत संपत होतं. पलीकडे लगूनवर पांढरा ओरखडा ओढत एक ठिपका चालला होता, इंडिपेंडन्सकडे. शाळेची वेळ.

आवाजात बोलणं शक्य नव्हतं. पुढे अकोलेकराची मान इतका वेळ खांद्यात रुतलेली होती ती हळूहळू वर आली. मग तो काचेला नाक लावून डावीकडे, पायलटच्या पलीकडे बघायला लागला. पट्टी जमिनीला जिथे चिकटते ती जागा येत होती. हायवेवरून निघालेला रस्ता शेतांतून पूर्वेला येतो, समुद्राला भिडायच्या बेतात असतो, आणि काटकोनात दक्षिणेला वळतो. वरून ते वळण कंपासपेटीतल्या गुण्यासारखं दिसत होतं. त्याने मागे वळून माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली आणि बोटाने खाली दाखवलं.

वळणावर एक बस होती. आगपेटीएवढी, लांबट, रंग बदललेली. वळली आणि दक्षिणेला लागली.

"आपली," त्याच्या ओठांवरून वाचलं. "चुकलेली."